मेणाचं देवक

सूक्ष्मदर्शकाच्या गोल उजेडात, निळ्या रंगावर, लाल काड्या दिसल्या आणि अपेक्षानं भिंग पुन्हा एकदा फिरवून बघितलं. एखादीच असती तर तिनं मनाची समजूत घातली असती, पण काड्यांचा झुबकाच होता. दुसऱ्या कुणाच्या थुंकीत त्या निघाल्या असत्या तर तिनं विद्यार्थ्यांना हाका मारल्या असत्या, बघा रे, इतकी स्वच्छ स्लाइड परत मिळायची नाही म्हणून. ही थुंकी तिच्या नवऱ्याची होती.

आकुर्डीच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. लाल काड्यांचा अर्थ तिला कुणी झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. बहुतेक जिवाणू लाल रंग पितात आणि वरून आम्ल ओतलं की ओकून टाकतात. एक कूळ तेवढं हट्टी. त्यांच्या अंगावर मेणासारख्या चरबीचं जाड कवच असतं, त्यात रंग एकदा शिरला की आम्लाच्या बापालाही तो निघत नाही. क्षयाचा जंतू याच कुळातला. आणि घरी चार वर्षांची सृष्टी रोज बापाच्या छातीवर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नव्हती.

थुंकी सरळ सरकारी दवाखान्यात का नेली नाही, असं शहाणी माणसं विचारतील. शहाण्या माणसांनी एकदा सोपानरावांना भेटावं. सोपानराव म्हणजे अपेक्षाचे सासरे. चाकणच्या पट्ट्यात जमिनी गेल्या तेव्हा कुणी गाड्या उडवल्या, कुणी बंगले बांधून त्यांच्या ओसरीत शेळ्या बांधल्या, पण सोपानरावांनी उरलेल्या तुकड्यावर शेड घातली आणि यंत्रं आणली. कुरुळीच्या शिवारात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन कमी होईल अशी गोष्ट त्यांना घरात नको होती.

"सरकारात नाव लागलं की गावभर व्हतंय," ते म्हणाले होते. "सायलीची सोयरीक चाललीया. भावाला टीबी म्हणल्यावर कोण करंल पोरगी? आपल्या घरात तपासणारी सून हाय की. तूच बघ."

तिनं बघितलं होतं. आता सांगायचं होतं.

नवऱ्यानं, अजिंक्यनं, ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न सृष्टीचा केला. "तिला झालं असंल का गं?" माणसं असल्या वेळी स्वतःचं विचारतात. हा पठ्ठ्या नाही. अपेक्षाला त्याचा राग आला, कारण तोच प्रश्न ती कालपासून स्वतःला विचारत होती.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, दोन्ही बाजूंना धुरकट डाग दाखवले आणि कुठं बोलायचं नाही या अटीवर गोळ्या सुरू केल्या. अजिंक्यची रवानगी माडीवरच्या खोलीत झाली. ताट-वाटी वेगळी, तांब्या वेगळा, कपडे उकळत्या पाण्यात. आणि अपेक्षानं सृष्टीला समोर बसवून, दोन्ही दंड धरून, नियम सांगितला. बाबाला हात लावायचा नाही. बाबाच्या जवळ जायचं नाही. लावलास तर आई खूप खूप रागवेल. पोरीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तो चेहरा पोरीनं याआधी कधी पाहिला नव्हता.

पण एका घरात राहून नियम किती पाळला जाणार? पोर ते पोर. जिन्याच्या दारापाशी घुटमळायची आणि वरून अजिंक्य खोकला की वर बघायची. चिंचवडला माहेरी ठेवावं तर वडिलांची शुगर वाढलेली, आणि पोरीच्या अंगात आधीच काही शिरलं असलं तर म्हाताऱ्याचा बळी जायचा. अपेक्षा दोन दिवस नुसती येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिलाच सुचलं.

"आबा, शेडवरची केबिन रिकामीच असते ना?"

सोपानरावांची ही केबिन म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा तुरा. शेडच्या आतूनच लोखंडी जिना वर जायचा, वर काचेची खोली, खोलीत शेडच्या बाजूनं बसवलेला खिडकीचा एसी, दिवाण, गादी. कंपनीचे साहेब आले की तिथं चहा व्हायचा. खाली यंत्रं चालायची, वर काचेमागं धूळ नाही, माशी नाही. पोरगी तिथं राहील, सासूबाई, म्हणजे शालनबाई, सोबत राहतील, आजाऱ्याचा वारासुद्धा लागणार नाही. सगळ्यांनाच पटलं. "डोकं हाय पोरीला," सोपानराव बायकोला म्हणाले, आणि शालनबाईंनी त्याच दिवशी स्टोव्ह, पातेली आणि देवाचा फोटो वर नेला.

खालच्या शेडविषयी सांगायला हवं. तिथं सहा यंत्रं लोखंडाचे दांडे कातायची, आणि अजिंक्य दिवसभर त्यांच्यापाशीच असायचा. कातताना दांडा तापतो, म्हणून त्याच्यावर सतत कूलंटची धार सोडतात. कूलंट म्हणजे पाण्यात खास तेल घोटून केलेलं दुधासारखं पांढरं पाणी. धार फिरत्या दांड्यावर आपटते, तिचा बारीक फवारा उडतो, उरलेलं खाली टाकीत पडतं आणि पंप तेच पुन्हा वर फेकतो. टाकी खाली करायची वेळ आली की सोपानराव शेवटची बादलीभर जुनं कूलंट काढून ठेवायचे आणि नव्यात ओतायचे. "दह्याला इरजण लागतंय तसं ह्याला लागतंय. जुन्याबिगर नवं धरत न्हाई," असं त्यांचं शास्त्र. कुठल्याही साहेबानं समजावलं तरी ते शास्त्र हललं नव्हतं. ज्या घरात चार पिढ्या म्हशी होत्या, त्या घराला पांढरं दिसेल ते दूधच वाटणार.

गेल्या वर्षापर्यंत या कूलंटला नाक धरावं असा वास यायचा. सगळ्या एमआयडीसीसारखी शेडलाही गुरुवारची सुट्टी. दिवसभर टाकी तुंबलेली राहायची, आणि शुक्रवारी सकाळी शटर उघडलं की कुजक्या अंड्यांचा भपकारा. मग एक विक्रेता औषधाचा कॅन घेऊन आला. कॅन ओतला आणि दोन आठवड्यांत वास गेला. सोपानरावांनी खूश होऊन सगळ्या कामगारांना भेळ चारली. त्यानंतर काही महिन्यांनी गेनू नावाचा भावकीतलाच ऑपरेटर खोकायला लागला आणि दमून घरी बसला. "बिडीनं खाल्ला," लोक म्हणाले. गेनू बिडी ओढायचाच, तेव्हा पुढं कुणी विचार केला नाही.

माडीवर अजिंक्य मात्र सुधारला. ताप गेला, खोकला बसला, भाकरी जायला लागली. अपेक्षाच्या जिवात जीव आला. गोळ्या लागू पडल्या, अजून थोडी कळ काढली की झालं, असं ती सृष्टीला फोनवर सांगायची. संध्याकाळी कॉलेजातून येताना ती शेडवर थांबायची, पोरीला जेवू घालायची, गोष्ट सांगायची. सृष्टी काचेला नाक लावून खालचे हिरवे-लाल दिवे बघत असायची.

"बाबा बरा झाला?"

"होतोय."

"मग हात लावू?"

"नाही. अजून नाही."

डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही, पोरीपासून मात्र अजून लांब राहा, म्हटल्यावर अजिंक्य एका शुक्रवारी कामावर गेला, मास्क लावून, केबिनकडे मान वर न करता. संध्याकाळी घरी आला तो थंडीनं थडथडत. छाती भरून आलेली, ओठ काळसर, दोन पायऱ्या चढून तिसरीवर बसला. अपेक्षानं त्याला धरून वर नेलं. त्या रात्री तिला झोप कसली येते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जे बोलले त्यानं उरलासुरला धीर गेला. त्यांना शंका होती की हा औषधांना दाद न देणारा टीबी असावा.

आणि त्याच आठवड्यात सृष्टी खोकली.

कोरडा, बारीक, पाखरानं टोच मारावी तसा खोकला. अपेक्षा भात कालवत होती, तिचा हात ताटातच थांबला. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पाठीला लावला. अंग किंचित कोमट होतं. तिला वाटलं, झालं. आपण उशीर केला. केबिनमध्ये आणायच्या आधीच पोरीनं बापाकडून घेतलं होतं, आणि तेही औषधाला न जुमानणारं.

"एसीची गार हवा बाधली असंल," शालनबाई म्हणाल्या. "दिवसाची खोकतीया दोन-तीन आठवड्यांपासून, तुला बोलले न्हाई. आनी मला ईचारशील तर देवाचं करायला पाहिजे काहीतरी. गुरुवारी बघ, पोरगी अजिबात खोकत न्हाई. दत्ताचा वार हाय. मागच्या गुरुवारीबी तसंच झालं. मी अंगारा लावते, देव एक दिस सांभाळतो, शुक्रवारी पुन्ना सुरू. आपलं काय तरी ऱ्हायलंय गं त्याचं."

अपेक्षा एरवी असल्या बोलण्यावर हसली असती. त्या दिवशी ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि तिनंही सृष्टीच्या कपाळाला अंगारा लावला. माणूस घाबरलं की एमएस्सी कुठल्या कुठं जाते.

दुसऱ्या दिवशी तिनं लपवाछपवी सोडली आणि मिनल मॅडमपुढं जाऊन बसली. मिनल मॅडम विभागप्रमुख, एकेकाळी तिच्याच शिक्षिका. निम्मं आयुष्य त्यांनी मातीतल्या जिवाणूंची चरबी काढण्यात घालवलं होतं, म्हणून पोरं त्यांना पाठीमागं मेणबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. अपेक्षा रडत रडत सगळं सांगत होती तेव्हा त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"थुंकी वाढवायला ठेवली होतीस ना? उगवलं का काही?"

"उगवलं. आठवड्याच्या आतच."

मिनल मॅडमनी चष्मा काढला. "आठवड्याच्या आत? क्षयाचा जंतू इतका उतावळा कधी झाला? तो महिना महिना बसून राहतो."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं उगवलेल्या मळकट पांढऱ्या ठिपक्यांकडे बघितलं होतं आणि भीतीनं पुढं विचारच केला नव्हता. लाल काड्या दिसल्या होत्या, तिच्यासाठी तेवढं पुरे झालं होतं.

"तू चेहरा बघितलास," मॅडम म्हणाल्या. "काड्या सगळ्यांच्याच सारख्या दिसतात. देवक विचार."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही त्या असंच समजावायच्या. आपल्याकडे सोयरीक ठरवताना आडनावावर कुणी जात नाही, एक आडनाव दहा कुळांत असतं. देवक विचारतात. कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब. देवक जुळलं की ते भाऊ-भाऊ, मग माणसं कितीही लांब राहायला गेली असोत. या लाल काड्यांच्या कुळाचंही तसंच. मेण सगळेच अंगावर घेतात, पण प्रत्येक घराण्याचं मेण निराळं. कुणाच्या चरबीच्या साखळ्या लांब, कुणाच्या आखूड, कुणाच्या साखळीत एक जादा कडी. हे मेण बनवायची रीत आईकडून लेकीकडे जावी तशी लाखो वर्षं जात राहते, सहजी बदलत नाही. म्हणून मेण जुळलं की नातं जवळचं समजायचं. अपेक्षाला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला बघायला आले तेव्हा सोपानरावांनीही शिक्षणाच्या आधी देवकच विचारलं होतं, हेही तिनं पोरांना हसत सांगितलेलं होतं.

दोघी दार लावून कामाला लागल्या. उगवलेल्या जिवाणूंना उकळत्या क्षारात मारून त्यांचं मेण वेगळं काढलं. मग पांढरा लेप दिलेली काचेची पट्टी घेतली. तिच्या तळाशी अपेक्षानं एक थेंब टेकवला, क्षयाच्या जंतूच्या मेणाचा. तसं मेण बाटलीत विकत मिळतं, त्यात जंतू नसतो. त्याच्या शेजारी अजिंक्यच्या थुंकीतल्या जिवाणूचा. तिसरा थेंब मिनल मॅडमनी स्वतःच टेकवला. "तुलनेला फडताळातलं एक घेते," त्या म्हणाल्या.

पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण पट्टीवर चढत जातं, मेणाला बरोबर नेतं, आणि ज्याची जशी चरबी तसा तो त्या त्या उंचीला थांबतो. ते चढणं बघत बसण्यासारखा छळ नाही. अपेक्षानं मनात ठरवून टाकलं होतं: तीन ठिपके आले तर क्षय. तीन आले तर सृष्टीच्या अंगातही तोच, आणि त्याला औषध नाही. ती देवाचं नाव घेत होती की ठिपके मोजत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

पट्टी वाळवून, रसायन फवारून मॅडमनी तापत्या तव्यावर ठेवली. हळूहळू काळपट निळे ठिपके उमटायला लागले. पहिल्या रांगेत एक, त्याच्या खाली दुसरा, त्याच्याही खाली तिसरा. क्षयाच्या मेणाची ती ठरलेली खूण. दुसऱ्या रांगेत एक उमटला. मग दुसरा, पण निराळ्याच उंचीवर. मग काहीच नाही. अपेक्षा वाट बघत राहिली. काहीच नाही.

"दोनच," ती म्हणाली. "मॅडम, दोनच आहेत."

"दोनच. कूळ तेच, घर वेगळं. हा क्षय नाही गं. हा लांबचा चुलतभाऊ, पाण्यात राहणारा. माणसाकडून माणसाला हा सहसा जातसुद्धा नाही."

अपेक्षा खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस उरात धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अजिंक्यला क्षय नव्हता. सृष्टीनं बापाकडून काही घेतलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, हसली, आणि हसता हसता पट्टीकडे पुन्हा बघितलं. तिसऱ्या रांगेतही दोन ठिपके होते. दुसऱ्या रांगेतल्या ठिपक्यांच्या अगदी बरोबरीला, त्याच उंचीवर, सख्ख्या भावांसारखे.

"ही तिसरी रांग कुणाची?"

"तूच दिलेलं की. गेल्या वर्षी पोरांच्या प्रॅक्टिकलला वास मारणारं पांढरं पाणी आणलं होतंस, तुमच्या शेडमधलं. त्यात शंभर जातींचे जिवाणू होते, त्या गर्दीत हा एकटा मेणवाला सापडला. मी जपून ठेवला होता." बोलता बोलता मिनल मॅडमचा आवाज मंदावला. त्यांनीही पट्टीकडे बघितलं. "अपेक्षा, त्या पाण्यात अलीकडे कुणी औषध घातलंय का?"

"घातलंय. वास गेला त्यानं."

"वास करणारे मेले," मॅडम म्हणाल्या. "हा मेणाचं पांघरूण घेऊन बसला असणार. याला औषध लागत नाही. आता टाकीभर हाच असेल, आणि याला वास नाही. यंत्राच्या फवाऱ्यातून छातीत जातो. तो तिथं जिवंत असो नाहीतर मेलेला, त्याच्या कवचालाच छाती खवळते. माणूस लांब राहिला की बरा वाटतो, परत गेला की पुन्हा..."

अपेक्षाला पुढचं ऐकू आलं नाही. अजिंक्य घरी बसला आणि बरा झाला, ते गोळ्यांनी नव्हे. शुक्रवारी शेडमध्ये गेला आणि संध्याकाळी कोसळला. आणि गुरुवारी सृष्टी खोकत नाही. गुरुवारी दत्ताचा वार, आणि गुरुवारी शेडला सुट्टी. गुरुवारी यंत्रं बंद, फवारा बंद. बाकीचे सगळे दिवस तो एसी खालच्या शेडमधली हवा ओढून काचेच्या खोलीत सोडत होता. बंद खोलीत, दिवस-रात्र, आठवडेच्या आठवडे. पोरीला बापापासून उचलून तिनं स्वतः तिथं नेऊन ठेवलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथं आग नव्हतीच, फुफाटा तेवढा खरा होता.

तिनं सोपानरावांना फोन लावला. वाजून बंद झाला. यंत्रांच्या घरघरीत त्यांना फोन कधीच ऐकू यायचा नाही. शालनबाईंचा लावला, तो बंद. सृष्टी त्याच्यावर कार्टून बघून बघून बॅटरी संपवायची. मग तिनं माडीवर लावला.

"अजिंक्य, ऐक. सृष्टीला शेडमधून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. उचल आणि लांब घेऊन जा, उघड्यावर."

"मी?"

"तूच. दुसरं कुणी फोन उचलत नाही."

"मी तिला उचलू? अगं, तूच म्हणालीस दारातूनसुद्धा..."

"तुझ्यात काही नाहीये. तुला टीबी नाहीये. जे आहे ते कूलंटमध्ये आहे. सगळं नंतर सांगते, तू आधी जा. आणि तोंडाला ओला पंचा बांध, आत थांबू नकोस, तुला सोसणार नाही—"

"जातो," तो म्हणाला. फोन ठेवण्याआधी तिला त्याची धाप ऐकू आली. तो अजून उठलाही नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. दोन पायऱ्यांत दमणाऱ्या माणसाला त्याच हवेत, लोखंडी जिना चढून जायला सांगितलं. तिनं पुन्हा फोन लावला. आता कुणी उचलेना.

मिनल मॅडम गाडीनं सोडते म्हणाल्या, पण तळवड्यापुढं कंटेनर एकाला एक चिकटून उभे असतात, तिथं गाडीचा काय उपयोग. अपेक्षानं स्कूटी काढली. त्या रस्त्यानं ती रोज जायची, कुठल्या कडेनं घुसायचं तिला पाठ होतं. तरीही त्या दिवशी प्रत्येक ट्रक मुद्दाम आडवा येतोय असं वाटत होतं. एका वळणावर घसरली, गुडघा फुटला, पुन्हा निघाली. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं: जिन्याच्या मध्यावर बसलेला अजिंक्य, आणि काचेला नाक लावून त्याच्याकडे बघणारी सृष्टी. तो बोलावतोय आणि ती येत नाही, कारण आईनं सांगितलंय. पोर गुणाची, सांगितलेलं ऐकणारी. याचंच आता तिला भय वाटायला लागलं.

शेडच्या रस्त्याला लागली तेव्हा यंत्रांचा आवाज येत नव्हता.

दिवस गुरुवार नव्हता. तिनं स्कूटी तशीच आडवी टाकली आणि धावली. कामगार बाहेर घोळक्यानं उभे होते. कुणीतरी म्हणालं, "वहिनी आल्या, वाट द्या."

अजिंक्य टेम्पोच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. तोंड उघडं, खांदे श्वासागणिक वर जात होते, पंचा गळ्यात लोंबत होता. त्याच्या मांडीवर सृष्टी होती. शालनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडात कोंबत होत्या. शेजारी सोपानराव उभे होते, डोक्याला टोपी नाही.

"जिन्यावर पडला पोरीला घिऊन," ते म्हणाले. "म्याच उचलला दोघास्नी. मेन स्विच पाडला. काय हाय ते सांग, अपेक्षा. तू म्हणशील तसं. पार वतून टाकतो समदं, पन सांग."

वतून कुठं टाकणार, ओढ्यात? पण ते बोलायची ही वेळ नव्हती. अपेक्षा गुडघ्यावर बसली. तिनं अजिंक्यच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, मी आहे, हिचं बघ. ती वाकली आणि तिनं सृष्टीच्या पाठीला कान लावला. डॉक्टर नव्हती ती, पण आवाज कळायला डॉक्टर कशाला लागतो? श्वास आत जाताना खाली, बरगड्यांपाशी, नव्या सँडलचा चिकटणारा पट्टा उकलावा तसं बारीक करकरत होतं. एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूलाही.

किती दिवस करकरतंय हे? गेनूचं असंच सुरू झालं असेल, आणि तो आज जिनासुद्धा चढू शकत नाही. इतक्या लहान छातीला एकदा वण पडले तर ते भरतात की नाही? मिनल मॅडमना विचारायला हवं होतं. विचारायचं राहिलं. विचारायचं धाडसच झालं नसतं.

तिनं पोरीला घ्यायला हात पुढं केले. सृष्टी बापाच्या शर्टाला आणखीच चिकटली, आणि मग एकदम तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं दोन्ही मुठी सोडल्या, हात पाठीमागं लपवले आणि घाबरून आईकडे बघितलं.

"आई, मी नाही लावला हात," ती धापा टाकत म्हणाली. "खरंच नाही लावला. बाबानंच उचललं."

अपेक्षानं पोरीचे पाठीमागचे हात एक एक करून पुढं आणले आणि अजिंक्यच्या गळ्यात घातले. ते राहत नव्हते, पोरगी पुन्हा पुन्हा काढून घेत होती. अपेक्षा ते पुन्हा पुन्हा तिथंच ठेवत राहिली, आणि सोपानराव गाडी काढायला धावले.